'जरी'ला 'तरी' हवा, 'ऑलदो'ला नको

माझ्या संध्याकाळच्या इंग्रजीच्या वर्गात यंदा एक मुलगा येतो. दिंडोरीकडच्या एका द्राक्षांच्या पॅकहाउसमध्ये तो नोकरी करतो आणि हंगामात परदेशी खरेदीदारांच्या ईमेलना उत्तरे देण्याचे काम त्याच्याकडे असते. मागच्या आठवड्यात त्याने मसुदा लिहिलेली वही माझ्यापुढे ठेवली. पहिलेच वाक्य होते : 'ऑलदो वी हॅड रेन ऑन ट्यूजडे, बट द ग्रेप्स आर गुड.' स्पेलिंग बिनचूक, काळही बरोबर, आणि तरी वाक्य चुकलेले.

ही चूक अस्सल मराठी कानाची आहे. आपली उभयान्वयी अव्यये पुष्कळदा जोडीने येतात : जरी–तरी, जर–तर, जेव्हा–तेव्हा. 'जरी मंगळवारी पाऊस झाला' एवढे म्हणून कोणी थांबले, तर नाशकातला कुठलाही माणूस 'तरी काय?' असे विचारील. बोलताना आपण 'जरी' खुशाल गाळतो, 'पाऊस झाला तरी माल चांगला आहे' असे म्हणतो. 'तरी' मात्र सोडत नाही. इंग्रजीत 'ऑलदो' एकटाच पुरतो. तो ज्या वाक्याच्या आरंभी बसतो ते वाक्य गौण होते आणि दुसरे आपोआप मुख्य ठरते. 'बट'ला मात्र दोन्ही बाजूंना समान दर्जाची वाक्ये लागतात. दोघांना एकत्र आणले, की एक जण पहिल्या वाक्याला खालच्या पायरीवर बसवतो आणि दुसरा त्यालाच बरोबरीचे मानतो. जुन्या व्याकरणांत 'दो–यट' ही जोडी शिकवत असत आणि ती अशुद्धही नाही. पण आजच्या पत्रव्यवहारात तो 'यट' बहुधा गळूनच जातो.

पुढचे वाक्य मला अधिक रोचक वाटले : 'अन्टिल यू डू नॉट कन्फर्म, वी विल नॉट सेंड द कंटेनर.' मनात मराठी वाक्य होते, 'जोपर्यंत तुम्ही कळवत नाही, तोपर्यंत आम्ही कंटेनर पाठवणार नाही.' आपण वाट पाहण्याचा सगळा काळ मोजतो, आणि त्या काळात कळवणे घडलेले नसते, म्हणून नकार येतो. 'अन्टिल' त्या काळाच्या शेवटच्या टोकावर, म्हणजे प्रत्यक्ष कळवण्याच्या क्षणावर बोट ठेवतो, म्हणून त्याच्यामागे 'यू कन्फर्म' एवढेच पुरते. मी मुलांना सांगते, की 'जोपर्यंत' बाजूला ठेवा आणि 'तुम्ही कळवेपर्यंत' असे म्हणून पाहा. नकार आपोआप निघून जातो. 'अनलेस'चे कारण वेगळे आहे, कारण त्याच्या पोटातच नकार असतो, पण परिणाम तोच : त्याच्यामागे आणखी 'नॉट' घातला तर अर्थ उलटतो.

'की'चे भाषांतर सरसकट 'दॅट' करून 'ही आस्क्ड मी दॅट व्हेअर इज द ट्रक' असे लिहिणारेही दर वर्षी भेटतात; तिथे 'व्हेअर' हाच जोडशब्द असतो, आणि 'द ट्रक वॉज' असा सरळ क्रम लागतो.

उलट दिशेची अडचण 'ऊन'मुळे येते. 'घड तोडून, निवडून, पेटीत भरून शीतगृहात ठेवले' या वाक्यात एकही उभयान्वयी अव्यय नाही. सारा भार धातुसाधितांनी उचलला आहे. इंग्रजीत येताना मुले प्रत्येक 'ऊन'च्या जागी एक 'अँड' ठेवतात आणि वाक्याची आगगाडी होते. तिथे स्वल्पविराम वापरून शेवटी एकच 'अँड' ठेवावा, किंवा कामांचा क्रम महत्त्वाचा असेल तर 'आफ्टर' अथवा 'बिफोर'ने तो बांधावा.

त्या मुलाला मी विचारले, की 'ऑलदो' आणि 'बट' यांपैकी कोणता ठेवशील? थोडा विचार करून त्याने 'ऑलदो' खोडला. खरेदीदाराने पाऊस आधी वाचावा, आणि वाचून झाल्यावर त्याच्या मनात 'द ग्रेप्स आर गुड' एवढेच राहावे, असे त्याचे म्हणणे होते.