गाठोड्याची राखण

मावशींच्या पायाला वास यायला लागला, तेव्हा मी तिसऱ्यांदा त्यांना दवाखान्यात चला म्हणत होते. मुंबईच्या उपनगरातला एक पूल, त्याखाली त्यांचा संसार. १९७२च्या दुष्काळात आईच्या कडेवर बसून जालन्याकडून आलेली ही बाई भंगार वेचून पोट भरते. दर खेपेला उत्तर एकच, "उद्या बघू." मग मी माझं ठेवणीतलं व्याख्यान काढलं: साखर, जखम, पाय कापावा लागेल वगैरे. त्यांनी ते शांतपणे ऐकून घेतलं.

"पोरी, तू बस हितं गाठोड्यापाशी. मंग जाते."

मागच्या पावसाळ्यात त्या पाणी आणायला गेल्या आणि अतिक्रमणाची गाडी भांडी, अंथरूण, आधार कार्ड सगळं घेऊन गेली. हे मला माहीत होतं. पण दोन गोष्टींचा संबंध काही माझ्या डोक्यात जुळला नव्हता.

सहकारी ताई त्यांना रिक्षाने घेऊन गेल्या. साडेनऊला मी बसले. अकराच्या सुमारास एका गृहस्थांनी चालता चालता, तोंडाकडे न बघता, पाच रुपयांचं नाणं टाकलं. बाराला लघवीला लागली. शौचालय रस्त्यापलीकडेच, पण गाठोडं? डोक्यावर घेऊन जायचं? शेजारच्या पोराला बसवावं, तर गाडी आली की ते बिचारं काय करणार. दोन तास कळ काढली. मावशी रोज काय करतात, हे मी त्यांना कधी विचारलं नव्हतं.

अधूनमधून ताईंचा फोन. केसपेपरवर पत्ता लिहिला 'पुलाखाली, खांब क्र. १७'. साखर ४१२. जखमेत अळ्या. टर्पेंटाइनचा बोळा ठेवला की त्या गुदमरून वर येतात, मग चिमट्याने एकेक वेचायच्या. मावशी म्हणे हूं की चूं करत नव्हत्या. मधुमेहाने पायाची संवेदनाच गेलेली. दुखत नाही म्हणजे बरं होतंय, अशा समजात त्या महिनाभर चालत होत्या.

डॉक्टर साखरेच्या दोन गोळ्या लिहीत होते, जेवणाआधी एक, जेवणानंतर एक. मावशींनी विचारलं, "आन् ज्या दिशी जेवण नसंल?" डॉक्टरांचं पेन थांबलं. उपाशीपोटी साखर एकदम खाली नेणारी गोळी त्यांनी खोडली. दुसरी ठेवली, तीही काहीतरी खाल्ल्यावरच घ्यायची.

दोनला रिक्षा आली. पायाला पांढरंशुभ्र बँडेज, त्यावर दवाखान्यातली प्लास्टिकची पिशवी बांधलेली. मावशींनी आधी गाठोड्याची गाठ सोडली, आतलं पातेलं, साडी, मुलीच्या लग्नाचा फोटो हाताने चाचपला, पुन्हा गाठ मारली.

"परवा परत डिरेसिंग हाय," त्या म्हणाल्या. "बसशील ना?"

"बसते. पण आधी मला तिकडे जाऊन येऊ द्या," म्हणत मी रस्त्याकडे पळाले.