आमची वाटचाल : तुंबलेल्या लाइनच्या मागावर

सांडपाण्याच्या तुंबलेल्या लाइन मोकळ्या करणारी ही फर्म सुरू केली तेव्हा दोन पाइप पाने, लाइनमध्ये घालून हाताने फिरवायची १५ मीटरची स्प्रिंग आणि माझ्या भागीदाराचे कान एवढेच आमचे भांडवल होते. वॉशिंग मशीन पाणी सोडू लागले की तो मशीनचे पाणी ज्यात पडते त्या उभ्या पाइपाला कान लावून सेकंद मोजत असे. पाणी लगेच वर चढले तर अडथळा ट्रॅपमध्ये (पाणी धरून ठेवणाऱ्या वाकड्या भागात) किंवा त्याच्या जवळपास, बऱ्याच उशिराने चढले तर पुढच्या आडव्या लाइनमध्ये, हा त्याचा हिशेब आजही आमच्याकडे येणाऱ्या प्रत्येक कारागिराला पहिल्याच दिवशी शिकवला जातो.

एका मोठ्या इमारतीच्या कामाने मात्र आम्हाला जवळजवळ बुडवले. स्प्रिंग घातली की पाणी वाहू लागे आणि तीन आठवड्यांत तीच घरे पुन्हा तुंबत, कारण कपड्यांचे तंतू, साबणाचा थर आणि स्वयंपाकघराच्या लाइनमधून येणारे तेलकट पदार्थ यांचा नमद्यासारखा घट्ट गोळा होतो आणि बारीक स्प्रिंग त्याला फक्त भोक पाडते. ही आमची चूक होती आणि ती मी मान्य करतो. परंतु याच संधीचा फायदा घेऊन दुसऱ्या एका ठेकेदाराने मशीनचे पंपच सदोष असल्याचे इमारतीच्या समितीला पटवले आणि ११ घरांतले पंप बदलले. उभ्या पाइपातून पाणी ओसंडते आहे, म्हणजे पंप ते जोराने फेकतो आहे. पंप बिघडला असता तर पाणी ड्रममध्येच साचून राहिले असते, इतकी साधी गोष्ट कोणी ऐकून घेतली नाही. आमचे बिल अडकले, पाच महिने पगार उधारीवर झाले, आणि ते शल्य अजून गेलेले नाही.

तळमजल्यावरच्या एका निवृत्त शिक्षिकेने, ज्यांना आम्ही आजही बाईच म्हणतो, स्वतःच्या खर्चाने फरशी उखडू दिली. खाली ५० मिमीच्या पाइपाला जुन्या दुरुस्तीत ४० मिमीचा तुकडा जोडलेला निघाला. त्याचा छेद जेमतेम दोन तृतीयांश, आणि सांध्याच्या कडेला तंतूंची जाड वेणी अडकलेली. त्यानंतर आम्ही कटर असलेली विजेवरची स्प्रिंग घेतली आणि ती आजही रोज कामावर जाते.

वाचकांना आवर्जून सांगतो की, ड्रेन होज, म्हणजे मशीनचे पाणी बाहेर सोडणारी नळी, उभ्या पाइपात साधारण १५ सेंटिमीटरपेक्षा खोल खुपसू नये आणि तोंड चिकटपट्टीने बंद करू नये, कारण बाजूने हवा मिळाली नाही तर मशीनमधले पाणी सायफनने ओढले जाते. होजच्या टोकाला जाळी बांधली असेल तर ती वेळेवर बदलावी. लाइनमध्ये ॲसिड किंवा कॉस्टिक ओतले असेल, तर कारागिराने ट्रॅप उघडण्यापूर्वी ते त्याला सांगावे. माझ्या भागीदाराला ते कोणी सांगितले नव्हते, आणि त्याच्या उजव्या तळहातावर भाजल्याचा डाग अजून आहे.