पांढरे डाग आणि टिकवून धरलेलं कॅल्शियम

ब्रेसेस काढल्यावर दातांवर ब्रॅकेटच्या कडेने पांढरे, खरखरीत पट्टे उरतात. ही किडीची पहिली पायरी. वरचा पातळ थर शाबूत असतो, पण त्याच्या आतले क्षार निघून गेलेले असतात. इनॅमल, म्हणजे दाताचं बाहेरचं कठीण आवरण, भोक न पाडता भरून काढता येतं ते फक्त याच टप्प्यावर. म्हणून इथे काय लावायचं, हे नीट समजून घ्यायलाच हवं.

इनॅमल वजनाने सुमारे ९६ टक्के खनिज आहे, म्हणजे मुख्यतः कॅल्शियम आणि फॉस्फेट. त्यावरून ‘कॅल्शियम चोळलं की दात पक्के’ असा समज होतो. अंड्याच्या कवचाची पूड, कुटलेल्या कॅल्शियमच्या गोळ्या, सगळं करून पाहिलं जातं. नागपुरात तर तंबाखू-सुपारीच्या खर्‍यात चुना असतो म्हणून दातांना कॅल्शियम मिळतं, असंही सांगणारे भेटतात. चुन्यात फॉस्फेट नसतं, तो हिरडी भाजतो आणि सुपारी इनॅमल घासून काढते. खर्‍याने दात भरत नाहीत, झिजतात. तोंडाच्या कर्करोगाचा धोका तर त्याहून मोठा.

खरी अडचण कॅल्शियम कमी असण्याची नाही. कॅल्शियम आणि फॉस्फेट पाण्यात एकत्र आले की लगेच साका होऊन खाली बसतात. साका झालेले कण इनॅमलच्या बारीक छिद्रांतून आत जाऊ शकत नाहीत. लाळेत हे दोन्ही भरपूर असूनही सहसा साका होत नाही, कारण स्टॅथेरिनसारखी प्रथिनं त्यांना धरून ठेवतात. जिथे ही पकड सुटते, तिथे कीटण, म्हणजे क्षारांचा कडक थर, जमतं. खालच्या पुढच्या दातांमागे लाळग्रंथींची तोंडं उघडतात, आणि कीटण सगळ्यात जास्त तिथेच असतं.

मेलबर्न विद्यापीठात एरिक रेनॉल्ड्स यांच्या गटाने हीच युक्ती दुधातून घेतली. केसिन या दुधातल्या प्रथिनाचे छोटे तुकडे, म्हणजे केसिन फॉस्फोपेप्टाइड, कॅल्शियम-फॉस्फेटच्या अतिसूक्ष्म पुंजक्यांना वेढून स्फटिक होऊ देत नाहीत. याचंच नाव सीपीपी-एसीपी. जीसी टूथ मूस या दातांना लावायच्या क्रीममध्ये तेच असतं. दातावरच्या थरात आम्ल तयार झालं की पुंजका सुटतो आणि कॅल्शियम-फॉस्फेटचे आयन मोकळे होतात, नेमके गरजेच्या वेळी.

लावायची वेळ रात्रीची. आधी फ्लोराइड टूथपेस्टने दोन मिनिटं ब्रश, मग फक्त थुंकायचं, चूळ भरायची नाही. डागांजवळची लाळ टिपून वाटाण्याएवढी क्रीम बोटाने पसरायची. तीन मिनिटं हात लावायचा नाही, मग जिभेने फिरवून आणखी एक-दोन मिनिटं तोंडात धरायची आणि थुंकायची. पुढचा अर्धा तास पाणीसुद्धा नाही. लोक बहुतेक चुकतात ते इथेच: लगेच खळखळून चूळ भरतात आणि सगळं बेसिनमध्ये जातं. दुधाच्या प्रथिनाची अ‍ॅलर्जी असेल तर ही क्रीम अजिबात नको. ‘प्लस’ प्रकारात ९०० पीपीएम (दहा लाखांत ९०० भाग) फ्लोराइड असतं, ते सहा वर्षांखालच्या मुलांना देऊ नये. आणि क्रीम ही फ्लोराइड टूथपेस्टची जागा घेत नाही. पाया फ्लोराइडचाच, क्रीमने किती भर पडते याबद्दलचे पुरावे संमिश्र आहेत.

फ्लोराइडलाही असंच सांभाळावं लागतं. खडूची म्हणजे कॅल्शियम कार्बोनेटची टूथपेस्ट असेल तर त्यात साधं सोडियम फ्लोराइड चालत नाही. ट्यूबमध्येच कॅल्शियम फ्लोराइड होऊन निकामी होतं. म्हणून अशा पेस्टमध्ये सोडियम मोनोफ्लुरोफॉस्फेट घालतात. तेही उष्णतेत हळूहळू तुटतं. मे महिन्यात पंचेचाळीस अंशांच्या गावात ट्यूब खिडकीत किंवा गाडीत ठेवू नका, आणि मुदत संपलेली वापरू नका. बायोअ‍ॅक्टिव्ह काचेची, म्हणजे कॅल्शियम सोडियम फॉस्फोसिलिकेटची पेस्ट बिनपाण्याची बनवतात, कारण पाणी लागताच ती काम सुरू करते. ट्यूबच्या तोंडाला ओला ब्रश टेकवू नये, झाकण घट्ट लावावं.

प्रत्येक पांढरा डाग मात्र किडीचा नसतो. हिरडीलगत, एखाद-दोन दातांवर, निस्तेज आणि खरखरीत असेल तर क्षार गेलेले. दोन्ही बाजूंच्या जोडीच्या दातांवर सारखेच आडवे, पुसट पट्टे असतील तर फ्लोरोसिसचा, म्हणजे लहानपणी जास्त फ्लोराइड पोटात गेल्याने पडणाऱ्या डागांचा, संशय घ्यावा. नागपूर शहराचं नळाचं पाणी प्रामुख्याने पेंच आणि कन्हानचं, पण यवतमाळ-चंद्रपूरकडच्या काही बोअरच्या पाण्यात फ्लोराइड जास्त सापडतं. लहानपण तिथे गेलं असेल तर ते दंतवैद्यांना आवर्जून सांगा. पिण्याच्या पाण्यात लिटरला १.५ मिलिग्रॅम ही वरची मर्यादा आहे. फ्लोरोसिसचे पट्टे दात घडतानाच पडतात, ते या क्रीमने पुसले जातील अशी आशा ठेवू नये.

पीएच (आम्लतेचं माप; जितका कमी तितकं आम्ल जास्त) साधारण ५.५ च्या खाली गेला की इनॅमल विरघळू लागतं. संत्र्याचा रस, लिंबूपाणी, पन्हं हे सगळे त्याच्या बरेच खाली. एका बैठकीत प्या, दिवसभर घोट घोट नको. नंतर साध्या पाण्याने चूळ भरा आणि अर्धा तास ब्रश करू नका. उन्हाळ्यात तोंड कोरडं पडतं, लाळ कमी होते, म्हणून मधे मधे नुसतं पाणी पीत राहा.

डाग पुसायला आठवडे नाही, महिने लागतात. दर महिन्याला दात कोरडा करून, त्याच उजेडात फोटो काढा. डाग चकचकीत आणि गुळगुळीत झाला, तर रंग थोडा उरला तरी तो थांबला आहे. खड्डा पडला असेल किंवा अन्न अडकत असेल, तर क्रीमवर वेळ घालवू नका; तिथे भरणच लागतं.