व्हॅनिटीचा एसी आणि "कितवा मजला?"

माझी एक डबल डोअर व्हॅनिटी आहे, म्हणजे कलाकारांच्या मेकअप-विश्रांतीची दोन खोल्यांची गाडी. मालिकांच्या शूटिंगला भाड्याने देतो. बहुतेक दिवस गोरेगावच्या चित्रनगरीत उभी असते, कधी मढला, कधी घोडबंदरला. मे महिन्यात एका ज्येष्ठ अभिनेत्रीबाईंनी मला मागच्या खोलीत बोलावलं आणि छतातल्या जाळीखाली हात धरायला लावला. "दादा, आवाज पिठाच्या गिरणीसारखा येतोय. हवा कुठे जातेय?"

या प्रश्नाचं उत्तर सापडायला मला सतरा दिवस लागले. त्यातले सोळा मी फोनवर काढले.

एसी छतावरचा, 13,500 बीटीयूचा (बीटीयू हे उष्णतेचं माप), म्हणजे टनाच्या थोडा वर. छताच्या आत थर्माकोलचा डक्ट, म्हणजे हवा जायचा बंद मार्ग, त्यातून दोन्ही खोल्यांना जाळ्या. वॉरंटी शिल्लक होती म्हणून मी शहाण्यासारखं ठरवलं की हात लावायचा नाही, रीतसर तक्रार करायची. विक्रेत्याने दिलेला सर्व्हिसचा नंबर निघाला घरगुती एसी दुरुस्त करणाऱ्या एजन्सीचा. पलीकडच्या मुलीने विचारलं, "सर, फ्लॅट नंबर?"

मी म्हटलं, "गाडी आहे."

"ओके सर. कितवा मजला?"

पत्ता भरल्याशिवाय तिची तक्रार पुढे सरकत नव्हती, म्हणून मी दहिसरचा घरचा पत्ता दिला. इथेच चुकलं. तिसऱ्या दिवशी टेक्निशियन दहिसरला गेला तेव्हा व्हॅन गोरेगावात होती. घरच्या स्प्लिट एसीसमोर उभा राहून त्याने बायकोला सांगितलं, "मॅडम, हा तर मस्त चालतोय," आणि तो गेला. संध्याकाळी मेसेज: तक्रार बंद, ग्राहक उपलब्ध नाही.

दुसरी तक्रार. या वेळी पत्ता दिला चित्रनगरीचा. त्या दिवशीचा माणूस मुख्य फाटकापाशी अडकला. आत यायला प्रॉडक्शनकडून नाव कळवावं लागतं, आणि प्रॉडक्शन मॅनेजर सीन सुरू असताना फोन उचलत नाहीत. मी धावत फाटकापर्यंत येईस्तोवर साहेब निघून गेले होते. पुन्हा तोच मेसेज. तिसऱ्या वेळी मी भाड्यावर पाणी सोडलं, व्हॅन सोसायटीच्या बाहेर उभी केली आणि सकाळी नऊपासून वाट पाहिली. माणूस साडेचारला आला. छताकडे बघून म्हणाला, "साहेब, आम्ही गाडीवर चढत नाही. गॅस कमी असेल." आणि तक्रार बंद करायला माझ्याकडेच ओटीपी मागितला! मी दिला नाही. आजवर या प्रकरणात मी केलेलं हे एकच शहाणपणाचं काम.

गॅसचं सगळेच सांगतात, गॅरेजवालाही तेच म्हणाला. अशा छतावरच्या बहुतेक एसींच्या नळ्या कारखान्यातच बंद करून येतात, गॅसचा दाब मोजणारं गेज जोडायला तोंडच नसतं. गॅस भरतो म्हणणारा आधी नळीला भोक पाडणार. त्याआधी साधा थर्मामीटर घ्या. माझ्या खोलीत 31 अंश होते, जाळीतून येणारी हवा 17. चौदा अंशांचा फरक म्हणजे मशीन थंड करतंय, फक्त ती थंड हवा खोलीत पोचत नाहीये. हा हिशेब मला पहिल्या दिवशी सुचला असता तर...

सतराव्या दिवशी आतलं झाकण मीच उघडलं. चार स्क्रू. खोलीतली हवा वर ओढणारी बाजू आणि थंड हवा डक्टमध्ये ढकलणारी बाजू यांच्यामध्ये एक पडदी असते. तिच्या कडेला दोन बोटं जातील एवढी फट होती. बॉडी बनवणाऱ्याने ती कापडी टेपने बंद केली होती, पण गोंद वितळून टेप लोंबत होता. एसी सुरू करून तिथे उदबत्ती धरली तर धूर सरळ फटीतून आत. (शेजारच्या व्हॅनचा ड्रायव्हर: "आज कसली पूजा?") म्हणजे थंड हवा डक्टमध्ये न जाता परत एसीतच शिरत होती, हवा गार करणाऱ्या कॉइलवर बर्फ धरत होता, आणि आतल्या सेन्सरला वाटत होतं की झालं गार, करा कॉम्प्रेसर बंद.

जागा स्पिरिटने पुसून फट ॲल्युमिनियम फॉइल टेपने बंद केली. पुसणं टाळू नका, धुळीवर टेप टिकत नाही. शेवटच्या जाळीच्या पुढेही डक्ट गाडीच्या मागच्या टोकापर्यंत उगाच पोकळ गेला होता. तिथे थर्माकोलचा तुकडा बसवला. बाथरूमची जाळी अर्धी झाकली. दुपारच्या जेवणाआधी सुरू केलेलं काम चहापर्यंत संपलं. मागच्या जाळीखाली हात धरला तर बाहीचं कापड हललं, आणि मला एकट्यालाच हसू आलं.

हो, आरशाभोवतीचे दिवे. माझ्याकडे जुने 60 वॅटचे दहा बल्ब होते. 600 वॅट म्हणजे तासाला साधारण 2,000 बीटीयू उष्णता, ती एसीच्या डोक्यावर बसते. लोहार चाळीतून एलईडी आणले. मेकअपदादांनी रंग बदलल्याची कुरकुर केली, मग पिवळसर आणून दिले. फिल्टरची जाळी मात्र दर आठवड्याला धुवा. पावडर आणि हेअरस्प्रेने ती इतकी चिकट होते की साबणाचं पाणीच लागतं.

आणि छतावरचं यंत्र ज्या चार बोल्टांनी धरलेलं असतं ते दरवर्षी मे महिन्यात तपासा. गाडीच्या हादऱ्यांनी ते सैल होतात, मग खालचं फोमचं गॅस्केट, म्हणजे पाणी आत येऊ न देणारी पट्टी, उचलतं. गॅस्केट निम्मं दबेल एवढंच आवळायचं. पूर्ण चेपलं तर तेही गळतं. मागच्या जूनमध्ये माझ्या मेकअपच्या खुर्चीवर पाणी ठिबकलं होतं. तेव्हाही तक्रार नोंदवली होती. ती अजून उघडीच आहे.