रत्नागिरीच्या खडकावरचं पॅडिना बघायला जाताय? सोलापूरकरांसाठी थोडी माहिती

आधी तिथी बघा, मग गाडी सांगा. पॅडिना हे खडकावर वाढणारं समुद्री शेवाळ, ते बघायचं तर ओहोटीच लागते, आणि तीपण उधाणाची, म्हणजे अमावास्या-पौर्णिमेच्या आसपासची, तेव्हाच पाणी लांब आत जातं आणि खालचे खडक उघडे पडतात. भांगाच्या दिवसांत, म्हणजे अष्टमीच्या आसपास पाणी कमी हलतं तेव्हा, गेलात तर नुसता समुद्र बघून परत यायचं. कोकणात जुना हिशोब आहे, तिथीला पाऊणने गुणा की भरतीची वेळ येते. द्वितीया असेल तर दोनची पाऊणपट दीड, म्हणजे दीडला भरती, त्यात साधारण सहा तास मिळवा, साडेसातला ओहोटी. अर्धा-पाऊण तास इकडेतिकडे होतं म्हणून मोबाईलवर रत्नागिरीची टाईड बघून खात्री करा, पण घरात बसून रविवार निवडायला हा हिशोब भारी आहे. आम्ही द्वितीयाच धरली, सकाळचा उजेडपण मिळतो.

आम्ही म्हणजे ज्युनिअर कॉलेजला बायोलॉजी शिकवणारे काहीजण आणि बीएससीची पोरं. अकरावीला आपण ब्राऊन अल्गी (तपकिरी शेवाळं) म्हणून लॅमिनारिया आणि फ्यूकस घोकून घेतो आणि ही दोन्ही थंड पाण्यातली, आपल्या देशाच्या किनाऱ्यावर उगवतच नाहीत. आणि जे आपल्या कोकणात खडकाखडकावर आहे ते पॅडिना मात्र पोरांनी फोटोतसुद्धा बघितलेलं नसतं. मला हे फार लागतं, म्हणून हा खटाटोप.

रस्ता सरळ आहे, मंगळवेढा, सांगोला, मिरज, कोल्हापूर आणि मग आंबा घाट, पावणेचारशे किलोमीटरच्या आसपास. क्रूझर भाड्याने केली होती. रात्रभर गाडी हाणून पहाटे थेट खडकावर जायचा विचार करू नका, घाटात धुकं असतं आणि झोप न झालेली पोरं ओल्या खडकावर घसरतात. आदल्या दिवशी पोचून मुक्काम करा. शेंगा चटणी आणि कडक भाकरी सोबत ठेवा, कारण खडकावर जायच्या वेळेला हॉटेलं उघडलेली नसतात.

रत्नागिरीजवळच्या भाट्याच्या किनाऱ्यावर पॅडिना शोधत बसू नका. तिथे वाळू आहे आणि काजळी नदीचं मुख आहे. या शेवाळाला मुळं नसतात, धरायला दगड लागतो आणि गढूळ गोडं पाणी चालत नाही. म्हणून कोकणात ते सलग कुठेच दिसत नाही, खडकाचं टोक आलं की आहे, वाळू किंवा खाडी आली की गायब, पुढच्या टोकाला परत आहे. आम्ही मिऱ्याच्या बाजूच्या खडकावर उतरलो. पाणी साठलेल्या उथळ डबक्यांत वाकून बघा, तपकिरी-पिवळसर छोटे छोटे पंखे गुच्छाने उभे दिसतील, बोटभर उंचीचे.

एक पंखा भिंगाखाली नीट बघायला वेळ द्या. वरची कड आत वळलेली असते, नऊवारीच्या काठाला दुमड घालून शिवावी तशी, आणि वाढ सगळी तिथूनच होते, वाढणाऱ्या पेशींची ओळ त्या दुमडीत सांभाळलेली असते. पंख्यावर अर्धगोल रेघा दिसतात त्या बारीक केसांच्या, आणि आपल्याकडच्या पॅडिना टेट्रास्ट्रोमॅटिका या जातीत त्या केसांच्या ओळीच्या दोन्ही बाजूंना गडद ठिपक्यांचे पट्टे असतात, तिथे बीजाणू तयार होतात. पात आडवी कापली तर पेशींचे चार थर. (नवीन पुस्तकांत काहीजण हिला पॅडिना अँटिलॅरम म्हणतात, गोंधळू नका.) आणि पंख्यावरची पांढरट पावडर म्हणजे घाण नाही, तो चुना आहे! ब्राऊन अल्गीमध्ये अंगावर चुना चढवणाऱ्या अगदी मोजक्या, त्यात पॅडिना मुख्य. आम्ही वाहून आलेला एक तुकडा प्लॅस्टिकच्या झाकणात घेऊन त्यावर लिंबू पिळलं, भिंगातून बारीक बुडबुडे दिसले आणि सगळी पोरं एकदम झाकणावर तुटून पडली. हे डबक्यात करू नका, आणि प्रयोगाला वाहून आलेलंच घ्या, उभं असलेलं उपटू नका.

कालवं (खडकाला चिकटलेले शिंपले) काढणाऱ्या एक मावशी बराच वेळ बघत होत्या, म्हणाल्या, "पावसात यातलं काय दिसायचं नाय, गणपती झाले की मग हळूहळू धरतं." बरोबरच आहे, पावसाळ्यात लाटांचा मार आणि गढूळ पाणी, उभे पंखे निघून जातात. पण काही ठिकाणी खडकाला चिकटून सरपटणारा भाग उरतो आणि त्यातून नवे पंखे येऊ शकतात. तुम्ही दिवाळीनंतर ते होळीच्या आधी जा.

चप्पल अजिबात नको, कालवांची फुटकी शिंपली पाय फाडतात, मागून पट्टा असलेले जुने सँडल किंवा बूट घाला. ओहोटीच्या तासभर आधी उतरा आणि पाणी फिरलं की निघा, एकाला फक्त समुद्राकडे लक्ष द्यायला उभं करा, कारण भिंगात डोकं घातलं की बाकी कुणाला भान राहत नाही. दुपारी झाडगावच्या सागरी संशोधन केंद्राचं मत्स्यालय बघता येतं, वेळा आधी विचारून घ्या.

मालवणला जाणार असाल तर तिथे १९८७ पासून सागरी अभयारण्य आहे, सिंधुदुर्ग किल्ल्याभोवतीचा भाग त्यातच येतो, तेव्हा फोटो काढा आणि बाकी जिथलं तिथे राहू द्या. आम्ही पुढच्या वेळी देवगडजवळ कुणकेश्वरच्या खडकावर जाणार आहोत, तिथे सरगॅसम नावाचं शेवाळपण बघायचंय, गोल हवेच्या पिशव्यांवर तरंगत उभं राहणारं. क्रूझरमध्ये दोन-तीन जागा आहेत, कुणाला यायचं असेल तर सांगा.