जरा

मराठीत ‘जरा’ असे दोन शब्द आहेत. एकातला ज ‘जागा’तला, त्याचा अर्थ थोडंसं. दुसऱ्यातला ज ‘जन्मा’तला, त्याचा अर्थ म्हातारपण. कागदावर दोन्ही सारखेच दिसतात, आणि मुंबईत लिहून पोट भरणाऱ्या माणसाला पहिला कधी संपला आणि दुसरी कधी लागली, ते कळतही नाही.

कादंबरी, नाटक, मालिका ही मोठी कामं. त्यांच्या तारखा ठरलेल्या असतात, त्यांचा धाक असतो, घरचेही त्यांच्यासाठी टीव्हीचा आवाज कमी करतात. दिवस कुरतडून नेतात ती ‘जरा’ची कामं. जरा दोन ओळी द्या. जरा नजर टाका. जरा मराठी करून द्या. यांतलं एकही काम वहीत टिपलेलं नसतं, आणि संध्याकाळी पाहावं तर दिवसभर तीच केलेली असतात.

पहिला फोन साधारण साडेनऊला, लोअर परळच्या नाहीतर अंधेरीच्या जाहिरात एजन्सीतून. तीनच ओळी आहेत, जरा मराठी करून द्या. दहा सेकंदांची रेडिओ जाहिरात म्हणजे वाचणाऱ्याला धाप न लागता वीस-बावीस शब्द, त्यातच मालाचं नाव आणि फोन नंबर. पण मराठीत शब्द मोजून भागत नाही, कारण प्रत्यय शब्दालाच चिकटतात. ‘महाराष्ट्रातल्या घराघरांतल्या’ हे मोजायला दोनच शब्द, तोंडात मात्र बारा अक्षरं. म्हणून मोबाइलवर सेकंद लावून मोठ्याने वाचायचं, आणि साडेआठ सेकंदांत बसलं तरच पाठवायचं. उरलेला दीड सेकंद संगीत खातंच.

पाठवल्यावर लगेच दुसरं ‘जरा’ येतं: जरा रोमनमध्ये लिहून द्या, आर्टिस्ट मराठी नाही. रोमन लिपीत ल आणि ळ, न आणि ण एकाच माळेत ओवले जातात. ‘तिन्हीसांजेची वेळ’ स्टुडिओत ‘तिन्हीसांजेची वेल’ होते, आणि ती वेल महिनाभर रेडिओवर फुलत राहते. ळ आणि ण मोठ्या लिपीत लिहा, वर सूचना द्या, तरी तो मोठा एल टायपिंगची चूक समजून कुणीतरी प्रेमाने लहान करून ठेवतं. सरळ उपाय म्हणजे आपल्या आवाजात पंधरा सेकंदांचं रेकॉर्डिंग करून पाठवणं. अर्ध्या पानाच्या सूचनांनी होत नाही ते त्याने होतं. मग मराठी ओळींचं पुन्हा इंग्रजी करून मागतात, म्हणजे क्लायंटला कळावं आपण काय लिहिलंय. मराठीतली कोटी इथे मरते. पैसे शब्दावर ठरवणाऱ्याचं या धंद्यात दिवाळं निघतं. कामावर ठरवावेत, आणि दोन फेऱ्या फुकट, तिसरीला पैसे, हे आधीच लिहून द्यावं.

मालिकेचं ‘जरा’ मात्र राजेशाही. सेटची शिफ्ट सकाळी नऊ ते रात्री नऊ. घोडबंदर रोडवर किंवा गोरेगावच्या चित्रनगरीत युनिट जमलेलं असतं, लायटिंग झालेलं असतं, आणि फोन येतो: आज सासूबाई नाहीत, जरा सीन बदला. कथा एकाची, पटकथा दुसऱ्याची, संवाद तिसऱ्याचे. पण ऐन वेळी हाताशी सापडतो तो संवादवाला. सासूबाईंची वाक्यं काकूंना वाटून टाकावीत, हे पहिल्यांदा सुचतं, आणि तिथेच पाय घसरतो. सासूबाईंना ठाऊक असलेलं गुपित काकूंना ठाऊक नसतं. ते काकूंच्या तोंडी गेलं की पुढचे आठ एपिसोड कोसळतात, आणि त्यांतले दोन तर शूट होऊन पडलेले असतात, कारण शूटिंग कधीच क्रमाने होत नाही. जुनी, खात्रीची युक्ती फोनची. सीन फोनवर न्यायचा. सुनेची बाजू आज घ्यायची, सासूबाईंची त्या येतील त्या दिवशी. तेव्हा दोन गोष्टी लिहून ठेवायला विसरायचं नाही: दिवस आहे की रात्र, आणि सासूबाई कुठे उभ्या आहेत. नाहीतर इकडे सूनबाई कंदिलाच्या उजेडात रडताहेत आणि तिकडे सासूबाई उन्हात पापड वाळत घालताहेत, असा फोन महाराष्ट्रभर दिसतो.

एपिसोडची बँक, म्हणजे पुढचे शूट करून ठेवलेले भाग, दहाच्या वर असेल तर ही पळापळ कमी. गणपतीच्या आधी ती बँक हमखास रिकामी होते.

या सगळ्यात अडकलेलं असतं एक वाक्य, सकाळी सातला सुरू केलेल्या प्रकरणातलं. मराठीत क्रियापद शेवटी येतं, ही एरवी भाषेची शोभा. पण फोन नेमका क्रियापदाच्या आधी वाजतो. पाऊण तासाने परत यावं तर पडद्यावर असतं, ‘आणि मग दार लोटून ती अंधारात’. गेली? थांबली? जायची राहिली? बाईंनाच विचारावं असं वाटतं. फोन उचलण्याआधी क्रियापद टाकावं, मग ‘हॅलो’ म्हणावं. फार तर एक रिंग जास्त वाजते.

वर्तमानपत्राचं ‘जरा’ उरकतं बुवा झटपट. बाराशे शब्द मागवलेले असतात, पान लावताना खाली जाहिरात येते, आणि संध्याकाळी सहाला निरोप: जरा आठशेवर आणा, पान सोडायचंय. इथे वाक्यावाक्यातून एकेक शब्द वेचत बसलं तर लेख क्षयरोगी होतो. एक अख्खं उदाहरण उचलून टाकावं, बहुधा आपल्याला सर्वांत आवडलेलं. आपण नाही कापलं तर डेस्कवरचा माणूस खालून कापतो, आणि लेखाचा शेवट खालीच असतो.

फाँटचं ‘जरा’ मात्र सगळ्यांत छळवादी आहे, त्यामुळे त्याच्याशी थोडं जास्त बसायला हवं. लेखक लिहितो युनिकोडमध्ये, म्हणजे प्रत्येक अक्षराला ठरावीक क्रमांक देणाऱ्या पद्धतीत. अनेक छपाईवाले अजून पान लावतात जुन्या फाँटांत. मधे असतो कन्व्हर्टर, एकातलं दुसऱ्यात बदलून देणारा. निरोप येतो, ‘फाइल मिळाली, जरा फाँट उडालाय.’ उडालाय म्हणजे काय, हे पाहण्यासारखं आहे. जुन्या फाँटमध्ये अक्षराचे तुकडे इंग्रजी अक्षरांच्या जागी बसवलेले असतात, आणि पहिली वेलांटी जशी दिसते तशी अक्षराच्या आधी साठवलेली असते. युनिकोडमध्ये ती जशी उच्चारतो तशी अक्षराच्या नंतर येते. कन्व्हर्टरने तिला उचलून पलीकडे नेऊन ठेवायचं असतं. साध्या ‘कि’मध्ये ते जमतं, मधे जोडाक्षर आलं की हमाल दमतो आणि वेलांटी अर्ध्या वाटेत टाकून देतो. म्हणून ‘निश्चित’चं ‘निश्िचत’ होतं. निश्चित ह्या शब्दाइतकं अनिश्चित छापलं गेलेलं मराठीत दुसरं काही नसेल.

दुसरं दुखणं ‘ऱ्या’चं. ‘दुसऱ्या’ लिहिताना इनस्क्रिप्ट कळफलकावर ‘ऱ्या’ला चार कळा लागतात: शिफ्टसह र, मग पाय मोडायचा, मग य, मग काना. या ‘ऱ’ला युनिकोडमध्ये वेगळा क्रमांक आहे. शिफ्ट निसटला, किंवा कन्व्हर्टरला हा ऱ ओळखताच आला नाही, की रफार डोक्यावर चढतो आणि ‘दुसर्या’ होतं. आता ‘दर्या’ आणि ‘दऱ्या’ संदर्भाने समजून घेता येतील. पण ‘आचार्यांचा सत्कार’ आणि ‘आचाऱ्यांचा सत्कार’ यांत फरक एका शिफ्टचाच, आणि हार कुणाच्या गळ्यात पडणार ते त्यावर ठरतं.

यावर भांडून उपयोग नाही. फाइलसोबत तिचीच पीडीएफ पाठवावी, म्हणजे मूळ कसं दिसायला हवं त्याचा पुरावा राहतो. लावलेल्या पानाची पीडीएफ मागवावी आणि तिच्यात ठरावीक ठिकाणीच आधी बघावं: ऱ्या आणि ऱ्हा, ॲ, जोडाक्षरावरच्या वेलांट्या आणि अवतरणचिन्हं. अवतरणचिन्हांच्या जागी भलतंच अक्षर बसलेलं असतं आणि पात्र बोलायला लागलं की आधी खोकल्यासारखं वाटतं. एवढं झालं की मग शुद्धलेखन. मराठी साहित्य महामंडळाचे नियम 1962चे चौदा आणि 1972चे आणखी चार, असे अठराच आहेत. पण ‘कवी’ दीर्घ आणि ‘कविमन’ ऱ्हस्व, हे प्रत्येक नव्या मुद्रितशोधकाला नव्याने पटवावं लागतं. तो बिचारा दोन्ही एकसारखे करून टाकतो. त्याच्या मते तीच शिस्त.

पाऊस लागला की दिवाळी अंक सुरू. ‘मासिक मनोरंजन’चा पहिला दिवाळी अंक काशिनाथ रघुनाथ मित्र यांनी 1909मध्ये काढला. तेव्हापासून मराठी लेखक जून-जुलैत छत्री निथळत ठेवून फराळाच्या अंकासाठी लिहितो आहे. निरोपाची भाषा ठरलेली: ‘जरा एखादी कथा असेल तर.’ असेल तर! जणू कोठीतल्या कणगीत साठवून ठेवलीय, मापटं भरून काढून द्यायची. हो म्हणताना तीनच गोष्टी विचाराव्यात: शब्द किती, तारीख कोणती, मानधन किती आणि कधी. तिसरा प्रश्न विचारताना मराठी माणसाचा आवाज आपोआप खाली जातो. व्हॉट्सअॅपवर विचारला तर आवाज ऐकू येत नाही.

शेजारपाजारच्या ‘जरा’ला तर मोलही नाही आणि सुटकाही नाही. मंडळाच्या स्मरणिकेसाठी अध्यक्षांचं मनोगत, वरच्या मजल्यावरच्या आजोबांसाठी श्रद्धांजलीच्या दोन ओळी. आणि लग्नपत्रिका. ‘आमचे येथे श्रीकृपेकरून’पासून ‘आमच्या मामाच्या लग्नाला यायचं हं’पर्यंत मजकूर तयारच असतो, जरा नजर टाकायची असते. इथे शुद्धलेखनाच्या आधी तारीख आणि वार कॅलेंडरशी जुळवावेत, कारण गेल्या वर्षीच्या एखाद्या पत्रिकेवरून मजकूर उचललेला असतो आणि वार तसाच राहतो. मग मुहूर्ताची वेळ, मग हॉल पूर्वेला की पश्चिमेला. दादर पूर्व आणि दादर पश्चिम यांच्या मधे पूल आहे, आणि शालू नेसून, आहेर सांभाळत तो चढणाऱ्या आत्याबाई पत्रिका कुणी तपासली ते शोधून काढतात. नावं सर्वांत शेवटी, तीही उलट क्रमाने वाचावीत. सुलट वाचली की डोळा सवयीने पुढे घसरतो. ‘चि. सौ. कां.’मधला अनुस्वार आहे ना, तेवढं पाहून सोडून द्यावं.

पैशाच्या बाजूचं ‘जरा’ दोन प्रकारचं. एक, ‘जरा सही करून पाठवा.’ चौदा पानांचा करार असतो आणि सही शेवटच्या पानावर. 1957च्या कॉपीराइट कायद्यात लेखकाच्या बाजूने काही सोयी आहेत: हक्क देताना मुदत लिहिलेली नसेल तर ती पाच वर्षं धरतात, प्रदेश लिहिलेला नसेल तर भारतापुरता. म्हणूनच करारात मुदत आणि प्रदेश आवर्जून लिहिलेले असतात, ‘कायमस्वरूपी’ आणि ‘अखिल विश्वात’. विश्वाचं सोडा, मुदत तरी खोडून मागावी. दुसरं, ‘पेमेंटचं जरा थांबा.’ बिलावर पॅन, खातं, कामाचं नाव आणि तारीख नसेल तर थांबवायला त्यांना कारण आयतं मिळतं. टोपणनावाने लिहिणाऱ्यांनी बिलावर बँकेतलं नाव ठळक लिहावं. टोपणनावाने आलेला चेक बँक घेत नाही, आणि दुरुस्त करून मागवेपर्यंत त्याचे तीन महिने सरतात. दहा टक्के टीडीएस कापला असेल तर तो आपल्या पॅनवर जमा झाला की नाही, हे वर्षातून एकदा नव्हे, दर तिमाहीला बघावं. छोट्या उद्योगांसाठीची सरकारी ‘उद्यम’ नोंदणी केलेली असेल तर कायद्याने पंचेचाळीस दिवसांच्या आत पैसे द्यायचे असतात. हे बिलाच्या तळाशी एका ओळीत लिहिलं की अकाउंट्समधला आवाज जरा मऊ येतो.

दुपारी चर्चगेटला मीटिंग असली की लोकलमध्ये काही लिहून होईल, ही समजूत पहिल्या उभ्या प्रवासात जाते. मग फोनवर बोलून टाइप करायचं. मराठी बऱ्यापैकी उमटतं, विरामचिन्हं अर्थात नंतर स्वतः घालायची. पण डब्यातली घोषणाही त्याच इमानाने उमटते. नायिका पत्र उघडते, वाचते, तिच्या डोळ्यांत पाणी येतं आणि पुढील स्टेशन महालक्ष्मी.

रात्री साडेनऊला घर शांत होतं. समोरच्या रीडेव्हलपमेंटचा ड्रिल थांबलेला असतो, कुकर झालेला असतो, सकाळची ती बाई अजून अंधारातच उभी असते. तेवढ्यात बेल वाजते. कुरिअरवाला दिवाळी अंकाची भेटप्रत घेऊन आलेला असतो, पावती पुढे करतो आणि म्हणतो, ‘साहेब, जरा पेन द्या.’ टेबलावरचं पेन उठत नाही, खणातल्याची शाई वाळलेली, फ्रिजवरच्याला टोपण आहे पण रिफिल नाही. शेवटी शेजारच्या तिसरीतल्या मुलाच्या कंपासपेटीतून पेन्सिल येते, आणि लेखक तिने सही करतो.