ओढ्याकाठची तुराटी

२१ सप्टेंबर २०२५, रविवार. सर्वपित्री अमावस्या. रात्रीचे साडेनऊ.

रेनकोट न्हाणीत टांगलाय, त्याची टपटप इथपर्यंत ऐकू येतेय. बुटांत वर्तमानपत्र कोंबून ते उलटे ठेवलेत. आज केजपासून तेरा किलोमीटर गेलो, ओढ्याकाठी दोन तास बसलो आणि काम न करताच परत आलो.

दुपारी पानावर बसलो तोच फोन वाजला. नदीकाठच्या गावातला शेतकरी होता. "डॉक्टर, काळी गाय सकाळपासून वरडायलीय. माजावर हाय. दिवस मावळायच्या आत या." मी डॉक्टर नाही. गायी-म्हशींचं कृत्रिम रेतन करतो, म्हणजे गावच्या भाषेत गायी भरवतो. पण गोठवलेल्या रेतमात्रांचा, म्हणजे वळूच्या वीर्याचा, नत्राचा कंटेनर गाडीला बांधून फिरणाऱ्याला इकडं सगळे डॉक्टरच म्हणतात. माज सकाळी दिसला तर गाय संध्याकाळी भरवायची, संध्याकाळी दिसला तर दुसऱ्या दिवशी सकाळी. वेळ हुकली की एकवीस दिवस थांबा. आभाळ बघून घरात बसण्यातला हा धंदा नाही.

खीर तशीच ठेवून निघालो. बायको काही बोलली नाही. वड्यांची पुडी तेवढी डिकीत टाकली.

आम्ही दुष्काळातली माणसं, पावसाला भ्यायचं आम्हाला कुणी शिकवलंच नाही. आजी म्हणायची, आलेल्या पावसात डोक्यावर काही घेऊ नये, पाऊस रुसतो. घरात एक छत्री होती, ती मयतीला न्यायची. रेनकोट हा पुण्या-मुंबईच्या लोकांचा कपडा. पाऊस आला की शाळा सुटायच्या आधी आम्ही बाहेर, आणि मास्तर आमच्याही आधी. मोठेपणी मोटारसायकल आली तरी डोक्यात तेच. पाऊस म्हणजे भिजायचं. त्यात गाडी वेगळी चालवावी लागते हे कळायला मला आपटावं लागलं.

ते साल २०१६. एप्रिलात मिरजेहून लातूरला रेल्वेनं पाणी आलं, पहिल्या खेपेला दहा वाघिणी. मांजरा धरण कोरडं पडलेलं, लातूरला बहिणीकडं आठवड्यातून एकदा टँकर. मी सकाळी चारा छावणीत आणि दुपारनंतर गाडीवर. जूनमध्ये मृगाचा पहिला शिडकावा झाला तेव्हा मी शहराबाहेरच्या वळणावर होतो. अंगावर नुसता शर्ट, हेल्मेट हँडलला अडकवलेलं, तोंड वर करून पाऊस खात चाललो होतो. वळणावर पुढचा ब्रेक हलकाच दाबला आणि गाडी माझ्या खालून निघून गेली. लागलं फार नाही, कोपर सोलला. पण कंटेनर आडवा झाला. त्याचं बूच मुद्दामच सैल असतं. आत उणे १९६ अंशांचं द्रव नायट्रोजन, त्याचा वायू बाहेर पडायला वाट लागते. ते सगळं ओल्या डांबरावर सांडलं आणि पांढरा धूर रस्ताभर पसरला. शाळेतली पोरं लांब उभी राहून बघत होती. पंचवीस-तीस रेतमात्रा गेल्या, महिन्याची कमाई गेली.

चौकातल्या मिस्त्रीनं गाडीचा फूटरेस्ट सरळ करता करता सांगितलं, "पयल्या पावसाचं ते पाणी न्हवं, साबण हाय." आठ महिने रस्त्यावर ट्रकचं ऑइल ठिबकतं, टायरचं रबर घासतं, वर धूळ बसते. पहिली भुरभुर हे सगळं नुसतं ओलं करते, वाहून नेत नाही. धो-धो पडला की अर्ध्या-पाऊण तासात रस्ता धुऊन निघतो आणि टायर पुन्हा धरायला लागतं. म्हणजे ज्या पावसाला आपण "काही नाही, भुरभुर आहे" म्हणतो, तोच पाडतो. तेव्हापासून पहिल्या पावसाला मी टपरीवर चहा घेतो. एक संपला की दुसरा.

काळ्या मातीनं मात्र वेगळीच शाळा घेतली. ही माती वाळली की बोट जाईल एवढ्या भेगा पडतात आणि भिजली की फुगते. पांदणीत, म्हणजे शेताच्या कच्च्या वाटेत, गाडी घातली की चिखल चाकाला नुसता चिकटत नाही, चाकाबरोबर फिरून मडगार्डमध्ये भरत जातो. शंभर-दीडशे फुटांवर चाक जाम. पहिल्यांदा मला वाटलं ब्रेक अडकलाय. क्लच जळायचा वास येईपर्यंत रेस केली. मग एका म्हाताऱ्यानं बाभळीची काटकी आणून दिली आणि म्हणाला, "कोरा आता." अर्धा तास कोरलं, वीस फूट गेलो, पुन्हा कोरलं. गावाकडची पोरं पावसाळ्यात पुढचं मडगार्डच काढून ठेवतात आणि दिवाळीनंतर बसवतात. मला ते जमत नाही, सगळा चिखल कंटेनरच्या पिशवीवर उडतो. मी पाऊस झालेल्या पांदणीत गाडी घालायचीच सोडून दिली. डांबरावर लावतो आणि कंटेनर खांद्यावर घेऊन चालत जातो. साइड स्टँडखाली ठेवायला डिकीत कडप्प्याचा तुकडा असतो, नाहीतर स्टँड मातीत शिरतो आणि परत यावं तर गाडी झोपलेली.

हाच चिखल ट्रॅक्टरच्या चाकाला लागून डांबरावर येतो तेव्हा सगळ्यांत वाईट. शेताच्या वाटेचा फाटा आला की तिथून पुढं पन्नास-साठ फूट रस्ता काळा तुकतुकीत दिसतो. तिथं ब्रेक नाही, वळण नाही, ओव्हरटेक तर नाहीच. फाट्याच्या आधीच गिअर उतरवायचा आणि सरळ जायचं.

पांढरे पट्टे, गतिरोधकावरचा रंग, पुलाच्या जोडावरची लोखंडी पट्टी, हे सगळं ओलं असलं की काच. ओलांडताना गाडी उभी, हात सैल. समोरून लालपरी आली की तोंड मिटायचं. पाण्याचा पडदा अंगावर येतो, दोन सेकंद दिसत नाही, त्या दोन सेकंदांत ब्रेक दाबला की गेलो. हेल्मेटच्या काचेला आतून भांड्याच्या साबणाचं बोट फिरवून कोरड्या फडक्यानं पुसलं तर वाफ धरत नाही. हे बायकोनं शिकवलं, तिचा गाडीशी काही संबंध नाही.

माझी गाडी २०१४ ची, दोन्हीकडं ड्रम ब्रेक. २०१९ च्या एप्रिलपासून नव्या गाड्यांना १२५ सीसीच्या वर एबीएस आणि त्याखाली सीबीएस (एक ब्रेक दाबला की दोन्ही चाकांना लागतो) सक्तीचं झालं. भाच्याची गाडी एबीएसवाली आहे, तो त्या जोरावर पावसातही सत्तरनं जातो. एबीएस चाक लॉक होऊ देत नाही, पण ओल्या रस्त्यावर थांबायला लागणारं अंतर काही तो खाऊन टाकत नाही. हे त्याला सांगून पाहिलं. "मामा, तुम्ही लई भेता." भीतो. माझं ड्रममध्ये पाणी गेलं की ब्रेक लागतच नाही. पाण्यातून निघालो की थोडं अंतर ब्रेक हलका दाबून ठेवत हळू जातो, आतली पट्टी घासून वाळते, मग पकड येते.

गेल्या महिन्यात गाडी भर पावसात बंद पडली. प्लग पुसला, कॉइल बघितली, काही नाही. मिस्त्रीनं टाकीतलं पेट्रोल बिसलेरीच्या बाटलीत काढलं तर खाली दोन बोटं वेगळाच थर. आता पेट्रोलमध्ये वीस टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं. ते पाणी ओढून घेतं आणि पाणी जास्त झालं की दोघं मिळून तळाशी बसतात. माझ्या टाकीच्या झाकणाचं रबर चिरलं होतं, तिथनं पाऊस आत जात होता. तीस रुपयांचं रबर. वर्षभर बदलायचं बदलायचं म्हणत होतो.

आज यातलं काहीच आडवं आलं नाही. गाडी नीट चालली. साडेतीनला गावाअलीकडच्या ओढ्यावर पोचलो. नळकांडी पूल, कठडे नाहीत, वरून वीतभर पाणी. पाऊस थांबलेला. मला वाटलं, आता उतरेल. पल्याड शेतकरी छत्री घेऊन उभा. आम्ही एकमेकांना बघत फोनवर बोललो.

अल्याड मैलाच्या दगडावर एक आजोबा बसले होते, डोक्यावर पोत्याची खोळ. "कुठं जायलाव?"

"पल्याड. गाय भरवायचीय."

त्यांनी पाण्याच्या कडेला बोट दाखवलं. तिथं एक तुराटी, तुरीची वाळकी काडी, खोचलेली. "दुपारी कडंला लावल्ती. आता बघा." तुराटी पाण्याच्या आत हातभर होती. पाऊस थांबून तास झाला, तरी पाणी चढत होतं. मला हिशेब लागेना. आजोबा म्हणाले, "वड्याचं पाणी न्हाई हे. नदीच उलटी चढायलीय."

मग कळलं. धरणातून पाणी सोडलेलं, मांजरा तुडुंब. ओढा जिथं नदीला मिळतो तिथं त्याला आत शिरायला जागाच नाही. नदीचा फुगवटा ओढ्यात मागं येत होता. इथलं आभाळ कोरडं असो की ओलं, त्याचा या पाण्याशी संबंध नव्हता. दहा वर्षं पावसात गाडी चालवली आणि बघत आलो फक्त आभाळाकडं.

तेवढ्यात एक पोरगा आला. थांबला, पँट गुडघ्यापर्यंत दुमडली, पहिल्या गिअरमध्ये रेस न सोडता घातली आणि सायलेन्सर बुडबुडत पार झाला. पल्याड जाऊन हात केला. मला त्याचा राग आला. तो पडला असता तर मला बसणं सोपं गेलं असतं. माझी गाडीही गेली असती बहुतेक. पण कंटेनर उंच बांधलेला, वजन वर, आणि वाहतं पाणी आधी चाक बाजूला ढकलतं. आजोबांनी दुसरी तुराटी नव्या कडेला लावली आणि काही न बोलता परत दगडावर बसले. मी वड्यांची पुडी उघडली. दोघांनी अमावस्येचे वडे खाल्ले. त्यांच्या घरी आज कुणाचं पान होतं ते विचारलं नाही.

साडेपाचला दुसरी तुराटीही निम्मी बुडाली.

फोन केला. शेतकरी चिडला. "तो पोरगा आला की! गाय तरी तिकडं आणू का?" मी म्हणालो, तुम्हीबी येऊ नका, गायबी आणू नका. तो गप्प झाला. एक माज गेला म्हणजे एकवीस दिवस फुकट चारा आणि वेत तेवढंच पुढं. त्याचं चुकत नव्हतं. छत्री मिटून तो गावाकडं वळला. मी अंधाराच्या आत गाडी फिरवली.

आत्ता पुढची पानं उलटून १२ ऑक्टोबरवर लिहून ठेवलं: काळी गाय, ओढ्यापल्याड, सकाळी फोन करणे. तोवर चित्रा लागलेली असेल. खाली कंसात लिहिलं, जाताना आजोबांना वडे.